खातंपितं लेकरू आहे, मग पुन्हा ऑपरेशन कशाला?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून तरुण शेतकऱ्याचं पत्र आलंय. नाव-गाव गाळून, थोडक्यात करून देत आहे:

"आमचा मुलगा सात महिन्यांचा आहे. डिसेंबरात जन्मला तेव्हा त्याला संडासची जागाच नव्हती. ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टरच्या ते लक्षात आलं आणि १०८ नं नागपूरला पाठवलं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करून पोटावर शीची जागा काढून दिली. तीन महिन्यांनी या, खालची जागा तयार करू, मग पोटावरची बंद करू, असं सांगितलं होतं. आम्ही गेलो नाही. तेव्हा हरभरा-गहू काढणीला आला होता, घरात लग्न होतं, मग पेरणी लागली. आता आई म्हणते, 'लेकरू खाते-पेते, आंगानं भरलं, आता कायले पुन्हा चिरफाड?' काका म्हणतात, त्यांच्या पाहण्यातल्या एका पोराचं हेच ऑपरेशन झालं, त्याची शी सांडत राहते. मला वाटते, मुलगा पाच-सहा वर्षांचा झाला, अंगात ताकद आली, की करावं. तोवर कापसाचे हंगामही हाती येतील. एका खासगी दवाखान्यात दीड लाख सांगितले. आईचं म्हणणं, बायकोनं सहाव्या महिन्यात ग्रहणाच्या रात्री भाजी चिरली म्हणून असं झालं. बायको आता कोणाशी फार बोलत नाही. पोटावरच्या शीच्या पिशवीचं सगळं तीच पाहते. दोनदा सोनोग्राफी केली, त्यात काही निघालं नाही, ही डॉक्टरांची चूक नाही का? थांबलं तर चालेल का, ते सांगा. तारीख गेली म्हणून तिथे जायची लाजही वाटते."

भाऊ,

आधी लाजेचं मिटवू, कारण मला वाटतं तुमची गाडी खरी तिथेच अडली आहे. लहान मुलांच्या सर्जनच्या ओपीडीत उशिरा येणारे आईबाप ही रोजची गोष्ट आहे. कोणाची पेरणी, कोणाचं बाळंतपण, कोणाकडे भाड्याला पैसे नाहीत. फाईल पाहून एखादी सिस्टर किंवा शिकाऊ डॉक्टर दोन शब्द ऐकवेल. ऐकून घ्या. उशीर झाला म्हणून बाळाला परत पाठवत नाहीत. पुन्हा तपासतात, पुन्हा तारीख देतात.

आता मूळ प्रश्न. थांबलं तर चालेल का? पाच वर्षं, नाही. कापूस विकेपर्यंत, तेही नको. या महिन्यात जा.

तुमच्या विचारामागे एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते: मूल मोठं म्हणजे मूल बळकट, आणि बळकट मुलाला ऑपरेशन सोपं. हे अर्धं खरं आहे. म्हणूनच तर डॉक्टरांनी जन्मल्याबरोबर सगळं एकदम केलं नाही. बाळाचं वजन वाढावं, भूल झेपावी, रक्त बरं असावं, यासाठी मधला वेळ दिला. तो वेळ संपला. आता थांबल्यानं ताकदीचा फायदा फारसा मिळत नाही, आणि दुसऱ्या बाजूनं नुकसान सुरू होतं.

पोटावर काढलेली जागा, म्हणजे कोलोस्टॉमी, हा उपचाराचा शेवट नाही. नाल्यावर पूल होईपर्यंत बाजूनं काढलेला तो कच्चा रस्ता आहे. वाहतूक चालू राहते, पण तिथून आयुष्यभर जायचं नसतं. आईंना लेकरू 'बरं' दिसतं ते या रस्त्यामुळे. तो काढला नसता तर जन्मानंतर काही दिवसांतच पोट फुगून आतडं फुटण्याची वेळ आली असती. त्या सिस्टरनं बाळ पुसताना खाली नीट पाहिलं, हे तुमच्या मुलाचं मोठं नशीब.

पुढचं समजायला आतली रचना थोडी सांगते. या दोषात मोठ्या आतड्याचा शेवट बाहेर उघडत नाही, तो आतच कुठेतरी थांबतो. मुलांमध्ये बहुतेक वेळा त्याची एक बारीक वाट लघवीच्या नळीत उघडते. म्हणून पोटावर सहसा दोन तोंडं असतात: वरच्यातून शी येते, खालच्यातून फक्त शेंबडासारखा चिकट पदार्थ. तुमच्या बाळाला अशी आतली वाट असेल, तर लघवी आतड्यात आणि आतड्यातली घाण लघवीत जात राहते. त्यातून लघवीचे संसर्ग होतात, आणि पुनःपुन्हा होणारा संसर्ग किडनीला महागात पडतो. विनाकारण ताप येत असेल, लघवी गढूळ दिसत असेल, तर हे डॉक्टरांना आठवणीनं सांगा. शिवाय पोटावरचं आतडं रडता-खोकताना जास्त बाहेर यायला लागतं, आणि आजूबाजूची कातडी सोलवटत राहते.

आणखी एक कारण आहे, त्याबद्दल कोणी फार बोलत नाही. खालची जागा तयार केली की ती आक्रसू नये म्हणून रुंद करावी लागते. ऑपरेशननंतर साधारण दोन आठवड्यांनी सुरू करतात. धातूची गुळगुळीत कांडी, डायलेटर म्हणतात तिला, वंगण लावून दिवसातून दोनदा आत घालायची. दर आठवड्याला थोडी जाड कांडी. हे घरी आईबापच करतात, दवाखान्यात शिकवतात. ठरलेल्या जाडीपर्यंत पोचलं की पोटावरची जागा बंद करतात, आणि कांडी नंतरही काही महिने हळूहळू कमी करत न्यायची असते. सात-आठ महिन्यांचं बाळ रडतं, आणि दूध पाजलं की विसरतं. पाच वर्षांचं मूल विसरत नाही. त्याला चार जणांनी धरून हे करावं लागणं किती वाईट, याची कल्पना करा. शिवाय तोवर अंगणवाडी झालेली असेल, पहिलीचा दाखला जवळ आलेला असेल, आणि पोटाला पिशवी.

खालची जागा तयार करण्याची आज सर्वत्र वापरली जाणारी पद्धत मेक्सिकोतले सर्जन अल्बर्टो पेन्या आणि त्यांचे सहकारी पीटर द व्हरीस यांनी १९८२ मध्ये मांडली. बाळाला पालथं ठेवून बरोबर मध्यरेषेतून उघडतात, बारीक विजेचा झटका देऊन कोणते स्नायू आवळतात ते पाहतात आणि त्या स्नायूंच्या मधोमध आतडं आणून बसवतात. मध्यरेषेतून गेल्यानं स्नायू आणि नसा वाचतात. आधी पोटावरच्या खालच्या तोंडातून औषध सोडून एक्स-रे काढतात. आतडं कुठवर आलंय आणि लघवीच्या नळीशी कुठे जोडलंय, ते त्यात दिसतं. या दोषाबरोबर कधी कधी हृदय, किडनी, पाठीचा कणा किंवा अन्ननलिका यांतही काही निघतं, म्हणून टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि किडनीची सोनोग्राफी होते. जन्माच्या वेळी झाली असेल तर कागद फाईलमध्ये असतील. नसतील तर विचारा.

आता काकांच्या पाहण्यातला मुलगा. काका खोटं बोलत नाहीत, पण त्यांनी एकच मूल पाहिलंय. या दोषाचे प्रकार आहेत. आतडं कातडीच्या जवळ येऊन थांबलं असेल तर मुलं पुढे शी चांगली रोखतात, त्यांचा त्रास उलट बद्धकोष्ठाचा. आतडं फार वर, मूत्राशयाजवळ थांबलं असेल, किंवा पाठीच्या शेवटचं हाड नीट तयार झालं नसेल, तर ताबा कमी राहतो. काकांनी पाहिलेला मुलगा कदाचित या दुसऱ्या गटातला. किंवा त्याला नुसतंच बद्धकोष्ठ झालेलं असेल: आत कडक शी साचते आणि तिच्या कडेनं पातळ सांडते. लोकांना वाटतं ऑपरेशन फसलं. ज्यांना खरोखर ताबा नाही, त्यांनाही रोज ठरलेल्या वेळी एनिमा देऊन दिवसभर कोरडं ठेवता येतं, ती मुलं शाळेत जातात. तुमचा मुलगा कोणत्या गटात, हे इथे बसून मी सांगू शकत नाही, काकाही नाहीत. एक्स-रे पाहिलेले सर्जन सांगतील. त्यांना स्पष्ट विचारा: "आतडं कुठे उघडतंय? पाठीचं हाड कसं आहे? पुढे ताबा किती राहील?"

पैशांचं. सरकारी दवाखान्यात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचा उपचार जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहे. तुमचा मुलगा सात महिन्यांचा आहे, म्हणजे हाही थांबण्याचा तोटाच. शिवाय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि लहान मुलांच्या शस्त्रक्रिया तिच्यात येतात. रेशनकार्ड, तुम्हा दोघांचं आधार आणि बाळाचा जन्मदाखला घ्या. रेशनकार्डावर बाळाचं नाव नाही म्हणून परत फिरू नका, दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेटा. त्या काउंटरवर अर्धा दिवस जातो, हे गृहीत धरूनच निघा. योजनेची चौकशी १५५३८८ वर करता येते. नागपूरचं सरकारी मेडिकल कॉलेज आणि मिहानमधलं एम्स, दोन्हीकडे लहान मुलांच्या शस्त्रक्रियेचा वेगळा विभाग आहे. पण पहिलं ऑपरेशन जिथे झालं तिथेच आधी जा, कारण आत काय दिसलं ते त्यांनी लिहून ठेवलंय. दीड लाखाच्या आकड्यानं मात्र घाबरू नका, आणि त्यासाठी सावकाराकडे तर मुळीच जाऊ नका.

आता ग्रहण. आई म्हणतात ते ग्रहण ७ सप्टेंबर २०२५ चं असणार, खग्रास, सगळ्या भारतात दिसलेलं. डिसेंबरात जन्मलेलं बाळ म्हणजे गर्भ राहिला मार्चच्या सुमारास. आतड्याचा हा शेवटचा भाग आणि लघवीचा मार्ग सुरुवातीला एकच असतो आणि आठव्या आठवड्यापर्यंत त्यांच्यात पडदा तयार होऊन ते वेगळे होतात. तुमच्या बाळात हे बिनसलं ते एप्रिल-मेच्या आसपास, तुमच्या बायकोला दिवस गेल्याचं नुकतंच कळलं असेल तेव्हा. सप्टेंबरात तिनं भाजी चिरली असो, सुई ओवली असो की रात्रभर अंगणात उभी राहिली असो, जे घडायचं ते चार-पाच महिने आधी घडून गेलं होतं. जगभर साधारण पाच हजार जन्मांत एका बाळाला हा दोष असतो, ग्रहण न पाळणाऱ्या देशांतही. कारण बहुतेक वेळा सापडत नाही. तिच्यात नाही, तुमच्यात नाही.

हे आईंना चारचौघांत ऐकवून त्यांना खोटं पाडू नका. म्हाताऱ्या माणसाला नातवाच्या दुःखाचं काहीतरी कारण हवं असतं, आणि सून हाताशी असते. पण घरात एक वाक्य तुम्हाला बोलावंच लागेल, आणि ते बायकोच्या देखत: "हिच्यामुळं झालं नाही." तुमच्या अख्ख्या पत्रात हे वाक्य तुम्ही कुठे बोलल्याचं दिसत नाही. ती बोलत नाही, याचं एक कारण तेही असू शकतं. ती जेवत नसेल, झोपत नसेल, बाळाकडेही लक्ष राहत नसेल, तर त्याच फेरीत डॉक्टरांना सांगा. बाळंतपणानंतरची उदासी हा आजार आहे आणि त्याला उपचार आहे.

अजून एक विचारते, राग मानू नका. सात महिन्यांत पिशवी तुम्ही स्वतः बदलली आहे का? "तीच पाहते" हे तुम्ही सहज लिहून गेलात. उद्या करून बघा. कोमट साध्या पाण्यानं आणि मऊ सुती कापडानं आजूबाजूची कातडी पुसायची, साबण-डेटॉल नको. थोपटून कोरडी करायची. आतड्याचं तोंड लाल आणि ओलं असावं. पुसताना एखादा रक्ताचा ठिपका आला तर घाबरायचं नाही, आणि त्या तोंडाला स्पर्श झाला तरी बाळाला दुखत नाही, कारण तिथे वेदनेच्या नसा नसतात. दुखते ती शी लागून सोललेली कातडी. पिशवीचं भोक तोंडापेक्षा अगदी दोन-तीन मिलिमीटर मोठं कापायचं, जास्त कापलं की उघडी कातडी भाजते. पिशवी चिकटवायची असेल तर खाली तेल लावू नका, ती सुटते. पिशवी परवडत नसेल तेव्हा झिंक ऑक्साइडचं मलम जाडसर लावून वर जुन्या सुती लुगड्याच्या घड्या आणि लंगोट, असंही अनेक घरांत चालतं आणि नीट चालतं. तोंड काळं-निळं पडलं, आतडं बरंच बाहेर येऊन आत जाईना, शी बंद होऊन पोट फुगलं किंवा हिरवी उलटी झाली, तर ओपीडीच्या वाराची वाट न पाहता १०८ लावा. पावसाळ्याचे दिवस आहेत, जुलाब लागले तर पिशवीवाल्या बाळाच्या अंगातलं पाणी भराभर जातं. ओआरएस घरात ठेवा आणि अंगावरचं दूध थांबवू नका.

सोनोग्राफीबद्दल. तुमचा राग समजतो, पण हा दोष गर्भातल्या सोनोग्राफीत बहुतेकदा दिसतच नाही. अन्ननलिका बंद असेल तर गर्भजल वाढलेलं दिसतं, जठरापुढचं लहान आतडं बंद असेल तर पोटात दोन फुगे दिसतात. शीची जागा नसल्याची अशी ठळक खूण नसते. त्या डॉक्टरांना माझ्या मते सोडून द्या.

इथे थोडं बाकीच्या वाचकांशी बोलते, विशेषतः ज्यांच्या घरी येत्या महिन्यांत बाळंतपण आहे. बाळ जन्मलं की सिस्टरला विचारा, "खालची जागा पाहिली का?" विचारायला लाजू नका. पूर्ण दिवसांच्या बहुतेक बाळांना पहिली काळी चिकट शी चोवीस तासांत होते. दोन दिवस झाले तरी नाही झाली आणि पोट फुगतंय, तर एरंडेल, घुटी, साबणाची कांडी यातलं काही करू नका. आतड्याच्या शेवटच्या भागात नसांच्या गाठीच तयार झालेल्या नसतात असा एक आजार आहे, हर्शस्प्रंग नावाचा. त्यात जागा दिसायला व्यवस्थित असते, पण शी पुढे सरकत नाही. जन्मल्यापासून तोंडातून सतत फेस येतोय, पहिल्याच घोटाला ठसका लागून बाळ निळं पडतंय, तर अन्ननलिका बंद असू शकते. अशा बाळाला पुन्हा पाजून पाहू नका. आणि बाळानं हिरवी उलटी केली तर ती "पित्ताची आहे, बसेल" म्हणून सोडू नका. आतड्याला पीळ पडलेला असू शकतो आणि तिथे काही तासही महत्त्वाचे असतात.

मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाला तापलेल्या विळ्याचे डाग देतात, डंबा म्हणतात त्याला. देणारी आजी बाळाच्या मायेपोटीच देते, याबद्दल मला शंका नाही. पण डागानं आतला अडथळा हलत नाही, वर जखम चिघळते आणि मोलाचे दोन दिवस जातात. आशाताई दवाखान्यात झालेल्या बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. ती येईल तेव्हा बाळाचं दुपटं सोडून पोट आणि लंगोट दोन्ही दाखवा. "झोपलंय, राहू द्या" म्हणू नका.

भाऊ, तुमच्याकडे परत येते. पुढचं मूल होऊ द्यायचं का, हे तुम्ही विचारलं नाही, पण आईंच्या मनात असेलच. नुसता हाच एक दोष असेल, तर पुढच्या बाळात तो येण्याची शक्यता शंभरात एकाच्या आसपास. आधी या बाळाची पोटावरची जागा बंद होऊ द्या, तोवर पाळणा लांबवा. नंतर विचार कराल तेव्हा दिवस जाण्याच्या आधीपासून फोलिक ॲसिडची गोळी सुरू करा. ती या दोषासाठी नाही, मज्जारज्जूच्या दोषांसाठी आहे, पण घ्यायचीच आहे.

निघताना आईंना सोबत घ्या. बायको आणि बाळ आहेतच, आई हव्यात यासाठी की "कायले चिरफाड" हा त्यांचा प्रश्न त्यांनी स्वतः सर्जनला विचारावा. मुलानं घरी येऊन सांगितलेलं त्यांना पटणार नाही. डॉक्टरांनी समोर कागदावर आतडं काढून दाखवलं तर पटू शकतं, आणि नातवाला दिवसातून दोनदा कांडी लावायची वेळ येईल तेव्हा घरात अजून एक जाणतं माणूस असेल. डिस्चार्ज कार्ड, जुने एक्स-रे आणि सोनोग्राफीचे कागद एका पिशवीत, त्यांच्या दोन-दोन झेरॉक्स गावातूनच काढून. बाळाचे चार जास्तीचे लंगोट, पिशव्या, ओआरएस. ओपीडीचा वार डिस्चार्ज कार्डावर छापलेला असतो. आदल्या संध्याकाळी पोचा, म्हणजे सकाळी केसपेपरच्या रांगेत पुढे असाल. रक्त कमी निघालं तर ते भरून काढायला काही आठवडे देतील, त्याला घाबरून पुन्हा घरी बसू नका. आणि या वेळी तारीख देतील ती कागदावर तर असू द्याच, आशाताईच्या वहीतही लिहून ठेवायला सांगा.